चाकरी राजाची, हिशेब राज्याचा

भारतीय संसदेचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक १९५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून, फार तर १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांपासून सुरुवात करतात. त्याही मागे गेले, की १८६१ चा इंडियन कौन्सिल्स अॅक्ट लागतो. या कायद्यान्वये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते सहा ते बारा जादा सभासद नेमण्याची तरतूद झाली आणि १८६२ च्या आरंभी कलकत्त्यात देशाच्या मध्यवर्ती विधिमंडळात प्रथमच तीन भारतीय बसले. पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंग हे एक. बनारसचे राजा देवनारायण सिंग हे दुसरे. तिसरे होते दिनकरराव राजवाडे.

पहिल्या दोघांची निवड समजण्यासारखी होती. एक शीख संस्थानिक, दुसरे गंगाकाठचे वजनदार जमीनदार, आणि दोघेही १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने उभे राहिलेले. तिसऱ्याच्या पाठीशी ना गादी होती, ना फौज. ते कोकणातील देवरुखचे, ग्वाल्हेर दरबारात वाढलेले आणि दोनच वर्षांपूर्वी दिवाणपद गमावून बसलेले एक पगारी कारभारी होते. मध्यवर्ती विधिमंडळाच्या पहिल्या भारतीय सभासदांत एक मराठी माणूस होता, आणि तो संस्थानिक नव्हे तर नोकरदार होता, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

या विस्मरणाला कारण आहे. दिनकररावांचे नाव निघाले की १८५८ चा ग्वाल्हेरचा जून महिना आठवतो. आणि तो महिना मराठी मनाला अजूनही सुखाने आठवता येत नाही. तथापि त्या एका महिन्यावरून साऱ्या कारकिर्दीचा निकाल लावला, तर सरकारी नोकराच्या निष्ठेविषयीचा मूळ प्रश्न हातातून निसटतो. नोकराची बांधिलकी कोणाशी असते? ज्याच्या सहीने नेमणूक झाली त्याच्याशी, ज्याच्या बळावर राज्य टिकून आहे त्याच्याशी, की समोरच्या कागदात जे दिसते त्याच्याशी? हा प्रश्न दिनकररावांपुढे दोनदा उभा राहिला. दोन्ही वेळा त्यांनी दिलेली उत्तरे वरकरणी परस्परविरोधी भासतात. त्यांच्यातील संगती लागते ती त्यांच्या कामाच्या रीतीतून.

देवरुखहून उत्तरेकडे

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील चित्पावन घराण्यातला. पेशवाई बुडून जेमतेम दीड वर्ष झाले होते. पुण्याची गादी गेली, तरी उत्तरेतील मराठी कारभार संपला नव्हता. ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, बडोद्याला गायकवाड, झाशीला नेवाळकर राज्य करीत होते, आणि या दरबारांना लेखणी व हिशेब पुरवणारी कोकण-देशावरची घराणी पिढ्यान्पिढ्या उत्तरेत स्थिरावली होती. राजवाडे घराणे त्यांपैकीच एक. ग्वाल्हेरच्या चाकरीत त्याची आधीची पिढीही होती.

या साऱ्या विखुरलेल्या मराठी जगाला जोडणारे एक ठिकाण काशी हे होते. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरातील गल्ल्यांत मराठी शास्त्री, भिक्षुक, पदच्युत सरदार आणि तीर्थवासाला आलेले कारभारी यांची वस्ती होती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती १८२८ मध्ये स्तंभमंडप उभारला आणि पुढे शिंदे घाट बांधविला. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीआप्पा काशीतच येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका, म्हणजे पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, हिचा जन्म काशीतलाच. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला जे दोन पक्ष समोरासमोर आले, ते अशा एकाच मराठी स्थलांतराच्या दोन शाखा होत्या, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षी दिनकरराव ग्वाल्हेरच्या नोकरीत शिरले. त्यांची खरी उमेदवारी तंवरघार प्रांतात झाली. चंबळेच्या काठचा, घळींनी चिरलेला, तोमर रजपुतांच्या वर्चस्वाखालील हा मुलूख सारा वसूल करणाऱ्या कोणत्याही अंमलदाराची परीक्षा पाहणारा होता. तेथील कारभार हाती आल्यावर त्यांनी पोलीस आणि महसूल या दोन खात्यांची नव्याने घडी बसवली. त्यांचे नाव प्रथम झाले ते या कामाने. इंग्रजी शिक्षण नव्हते, ब्रिटिश कारभाराचे प्रशिक्षण नव्हते. जे आले ते जमाखर्चाच्या कीर्दीतून आणि गावोगावच्या तक्रारींतून आले.

मोडलेल्या राज्याचा दिवाण

१८५१ मध्ये दिनकरराव दिवाण झाले तेव्हा ग्वाल्हेरची अवस्था काय होती, हे समजून घेतल्याविना त्यांच्या कामाचे मोल कळत नाही. १८४३ मध्ये जनकोजी शिंदे निपुत्रिक वारले. दत्तक घेतलेले जयाजीराव अवघे आठ वर्षांचे होते. कारभार कोणी पाहायचा यावरून दरबारात दुफळी माजली, इंग्रजांनी फौज घुसवली आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. जानेवारी १८४४ च्या तहाने राज्याचे सैन्य नऊ हजारांवर आणण्यात आले. त्याखेरीज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ग्वाल्हेर कंटिंजंटच्या खर्चासाठी अठरा लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला.

परिणाम उघड होता. उत्पन्न घटले, नोकरी गेलेले शिपाई राज्यभर मोकाट फिरू लागले, खजिना तुटीत गेला आणि दरबारचा धाक उरला नाही. अशा राज्याच्या दिवाणाला उपाय दोनच दिसतात: कर्ज काढणे किंवा रयतेला अधिक पिळणे. दिनकररावांनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी प्रथम पगार कमी केले, आणि त्या कपातीत स्वतःच्या वेतनाचाही समावेश केला. व्यापाराचा गळा आवळणारे जाचक कर रद्द केले. दंगेखोरीचा कठोरपणे बंदोबस्त केला आणि सार्वजनिक बांधकामे हाती घेतली. काही वर्षांतच तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली.

कर रद्द करून उत्पन्न कसे वाढले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कारभाराच्या साखळीत आहे. वाटेवाटेवर जकात भरावी लागली की माल रस्ता बदलतो. नाके उठली की तो परततो. साऱ्याची रक्कम दरसाल नव्या माणसाच्या लहरीवर ठरत असेल, तर कुळ जमीन सोडून जाते. रक्कम निश्चित असेल, तर ते विहीर खणते. पोलीस वक्तशीर पगार घेत असेल, तर चोराशी वाटणी करण्याची त्याची गरज कमी होते. आज प्रशासनाच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात या गोष्टी प्राथमिक मानल्या जातील. १८५१ च्या ग्वाल्हेरात त्या अमलात आणणे म्हणजे दरबारातील प्रत्येक मानकऱ्याच्या मिळकतीला हात घालणे होते.

येथेच पुढच्या संघर्षाचे बीज पडले. १८५३ मध्ये जयाजीराव वयात आले. तरुण, शूर, लष्करी कवायतीचे वेड असलेले हे महाराज आणि हिशेबाला पक्का असा पंधरा वर्षांनी वडील दिवाण, यांच्यात आदर होता, पण जवळीक नव्हती. राज्य सुधारले याचे श्रेय ग्वाल्हेरचे ब्रिटिश पोलिटिकल एजंट दिवाणाला देत. राजाला असे श्रेय कितपत रुचते, हे सांगण्याची गरज नाही.

१८५७ ची निवड

१४ जून १८५७ रोजी मुरारच्या छावणीत ग्वाल्हेर कंटिंजंटने बंड केले. पोलिटिकल एजंट मेजर मॅकफर्सन आग्र्याला निघून गेले. सुमारे आठ हजारांची, इंग्रजी कवायतीत तयार झालेली, तोफखान्याने सज्ज अशी ही फौज आता कोणत्याही सेनापतीच्या हुकमतीत नव्हती. ती आग्र्यावर गेली असती, तर तेथील किल्ल्यात अडकलेल्या इंग्रजांची अवस्था बिकट झाली असती. दिल्लीला मिळाली असती, तर वेढा घालणाऱ्या ब्रिटिश सैन्याच्या पिछाडीला नवी आघाडी उघडली असती.

शिंदे आणि त्यांचे दिवाण यांनी या फौजेशी लढाई केली नाही, तिला जवळही केले नाही आणि जाऊही दिले नाही. पगार देत राहणे, आश्वासने लांबवणे, पावसाळ्याची सबब सांगणे, या मार्गाने त्यांनी तिला उन्हाळ्यापासून शरदापर्यंत ग्वाल्हेरातच अडकवून ठेवले. अखेर तात्या टोपे यांनी कंटिंजंटला आपल्याकडे वळवले आणि नोव्हेंबर १८५७ मध्ये याच फौजेने कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटले. परंतु तोवर दिल्ली पडली होती. ज्या महिन्यांत ही फौज निर्णायक ठरली असती, ते महिने ग्वाल्हेरच्या तिजोरीने विकत घेतले होते.

१८५८ च्या उन्हाळ्यात प्रसंग अधिक कठीण झाला. काल्पीच्या पराभवानंतर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरकडे वळले. सर ह्यू रोझची फौज येईपर्यंत थांबावे, असा दिवाणांचा कल होता. महाराजांनी मात्र १ जून रोजी स्वतः सैन्य बाहेर काढले. मुरारजवळ गाठ पडताच शिंद्यांचे बहुतेक सैनिक समोरच्या मराठी निशाणाला जाऊन मिळाले. महाराज आणि दिवाण यांना आग्र्याचा आसरा घ्यावा लागला. ग्वाल्हेरात पेशव्यांच्या नावाने दरबार भरला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत रोझने शहर परत जिंकले आणि त्या लढाईत कोटा की सराय येथे राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या.

या घटनाक्रमाकडे राष्ट्रीय इतिहास ज्या नजरेने पाहतो, ती नजर चुकीची म्हणता येत नाही. स्वतःच्या राज्यातील सैनिक ज्या बाजूला गेले, त्या बाजूविरुद्ध राजा आणि दिवाण उभे होते, ही वस्तुस्थिती आहे. दिनकररावांच्या बाजूने एवढेच सांगता येते, की त्यांनी १८४३ चे ग्वाल्हेर पाहिले होते. पराभवाची किंमत कोण मोजतो, हे त्यांना आकड्यांत ठाऊक होते. अठरा लाखांचा मुलूख, बरखास्त झालेली फौज आणि आठ वर्षांचे अराजक ही त्यांच्या दृष्टीने इतिहासाची गोष्ट नव्हती; ती त्यांनी निस्तरलेली थकबाकी होती. इंग्रज जिंकणार, असा त्यांचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. मात्र अंदाज खरा ठरल्याने निवड उदात्त ठरत नाही. कारभारी माणूस राज्य वाचवण्याचा हिशेब मांडतो. राज्य कशासाठी वाचवायचे, हा प्रश्न त्याच्या कीर्दीत येत नाही. दिनकररावांची मर्यादा नेमकी येथे आहे.

बक्षीस आणि बडतर्फी

ग्वाल्हेरला निष्ठेचे फळ मिळाले. तीन लाख उत्पन्नाचा मुलूख परत आला, पायदळाची मर्यादा तीन हजारांवरून पाच हजारांवर गेली. पण ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात राहिला आणि जयाजीरावांच्या अखेरच्या वर्षात, १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात तो परत मिळाला. दिनकररावांना इंग्रज सरकारने बनारसच्या मुलखात जहागीर दिली. ज्या काशीत राणी लक्ष्मीबाईंचा जन्म झाला होता, त्याच प्रदेशात ग्वाल्हेरच्या दिवाणाच्या नावे सरकारी सनद व्हावी, हे १८५७ चे मराठी वास्तव आहे.

ग्वाल्हेरात मात्र दिवाणांचे आसन डळमळीत झाले होते. संकट टळले की संकटातील सल्लागार नकोसा होतो, हा राजदरबारांचा जुना अनुभव. महाराज आणि दिवाण यांच्यातील अंतर वाढत गेले आणि डिसेंबर १८५९ मध्ये दिनकररावांना पदावरून दूर व्हावे लागले. वय होते चाळीस. त्यांच्या बाजूने ना कोणता सेवानियम होता, ना अपील ऐकणारे न्यायाधिकरण. आज राज्यघटनेचा ३११ वा अनुच्छेद सरकारी सेवकाला चौकशीविना बडतर्फीपासून संरक्षण देतो. त्या काळच्या दिवाणाला राजाची मर्जी हीच सेवाशर्त होती.

याच सुमारास, चाळिशीत, त्यांनी इंग्रजी शिकायला प्रारंभ केला. ती भाषा त्यांना अस्खलितपणे कधीच बोलता आली नाही. १८६२ च्या कौन्सिलात कामकाज इंग्रजीत चाले, आणि या सभागृहाला प्रश्न विचारण्याचा, सरकारी कारभारावर टीका करण्याचा किंवा अर्थसंकल्पावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता. मांडलेल्या विधेयकापुरते बोलावे, एवढीच मुभा होती. ज्या माणसाने एक मोडलेले राज्य सावरले, तो देशाच्या पहिल्या विधिमंडळात भाषेने आणि कायद्याने असा दुहेरी बांधला गेला. प्रश्न विचारण्याचा व अर्थसंकल्पावर बोलण्याचा मर्यादित हक्क सभासदांना मिळाला तो १८९२ च्या कायद्याने. आजच्या राज्यघटनेने १२० व्या अनुच्छेदात, हिंदी वा इंग्रजीत नीट बोलू न शकणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलण्याची सोय ठेवली आहे. तिची गरज संसदेच्या पूर्वजाला पहिल्याच वर्षी जाणवली होती.

कौन्सिलातून बाहेर पडल्यावरही व्हाइसरॉय अवघड प्रश्नांवर त्यांचे मत मागवत राहिले. १८७३ मध्ये ढोलपूरच्या अल्पवयीन राण्याचे पालकत्व त्यांच्याकडे आले. प्रकृतीच्या कारणाने ते त्यांनी लवकरच सोडले. येथवरचा आलेख पाहता, इंग्रज राजवटीचा एक विश्वासू, वयोवृद्ध सल्लागार म्हणून त्यांची कारकीर्द शांतपणे मावळली असती. पण १८७५ साल उजाडले.

बडोद्याचे सहा न्यायासन

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड आणि तेथील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांचे संबंध विकोपाला गेले होते. नोव्हेंबर १८७४ मध्ये फेअर यांच्या सरबतात विष आढळल्याची तक्रार आली. सोमल आणि हिऱ्याची भुकटी मिसळल्याचे सांगण्यात आले. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी चौकशीसाठी सहा जणांचा आयोग नेमला. तीन इंग्रज: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्विल. तीन भारतीय: ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव.

ज्या राजाने पंधरा वर्षांपूर्वी दिवाणपदावरून दूर केले, त्याच्याच शेजारी समान अधिकाराच्या आसनावर दिनकरराव बसले. आयोगातील ते एकमेव भारतीय असे होते, की ज्यांना राज्य नव्हते. सरकारची अपेक्षा स्पष्ट होती. अटक आधीच झाली होती. राज्यकारभार सरकारने हाती घेतला होता. आयोगाने दोषी ठरवले, की पदच्युतीला न्यायाचा आधार मिळणार होता.

फेब्रुवारीअखेरीपासून मार्चअखेरपर्यंत काम चालले. मल्हाररावांच्या बचावासाठी इंग्लंडहून नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन आले. पुराव्याची मदार रेसिडेन्सीतील नोकर आणि महाराजांचे खासगी कारभारी यांच्या जबान्यांवर होती. हे साक्षीदार स्वतःच कटात सामील असल्याचे सांगत होते आणि महाराजांवर बोट दाखवत होते. त्यांच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा किती, हाच खटल्याचा गाभा होता.

निकाल दुभंगला. तिन्ही इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांना दोषी मानले. तिन्ही भारतीय सदस्यांनी आपापली स्वतंत्र मते नोंदवली आणि आरोप सिद्ध झाला नाही, असे सांगितले. यातील दोघे संस्थानिक होते. एका संस्थानिकाला अशा रीतीने गादीवरून उतरवता येते हे मान्य करणे त्यांच्या स्वतःच्या हिताविरुद्ध होते, असे टीकाकार म्हणू शकत होते आणि म्हणतही. दिनकररावांबाबत तसे म्हणायला जागा नव्हती. त्यांना वाचवायची गादी नव्हती. उलट त्यांची जहागीर, किताब आणि मानमरातब सारे ब्रिटिश सरकारने दिलेले होते. हितसंबंध पाहिले, तर सहा जणांत सरकारच्या बाजूने मत देण्याचे सर्वाधिक कारण याच माणसाजवळ होते. त्यांनी ते दिले नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

या दुभंगलेल्या निकालाचा परिणाम दूरगामी झाला. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलेच. परंतु विषप्रयोगाच्या आरोपावरून तसे करणे सरकारला शक्य झाले नाही. गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले. बडोद्याचे राज्य खालसा झाले नाही. गायकवाड घराण्यातील मुलगा निवडून गादीवर बसवण्यात आला, तेच सयाजीराव तिसरे. त्यांच्या लहानपणी कारभार पाहिला तंजावरच्या मराठी परंपरेतील दिवाण टी. माधवराव यांनी. पुढे बडोद्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले, ग्रंथालये आली. त्या सुधारणांचे श्रेय दिनकररावांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मल्हाररावांवर खुनी प्रयत्नाचा शिक्का मारून प्रकरण मिटवण्याची वाट मात्र तीन भारतीय मतांनी बंद केली, आणि त्यांपैकी एक मत पूर्णपणे निःस्वार्थ होते.

एका कारभाऱ्याचा ताळेबंद

विरोधी मत देऊनही दिनकररावांचा सरकार दरबारचा मान कमी झाला नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांचा गौरव झाला. के.सी.एस.आय. हा किताब त्यांच्याजवळ होताच. पुढे वंशपरंपरेने राजा ही पदवीही मिळाली. सामाजिक बाबतीत ते अखेरपर्यंत सनातनी राहिले, सुधारकांच्या चळवळी त्यांना रुचल्या नाहीत. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली, तिच्यापासूनही ते दूर राहिले. ९ जानेवारी १८९६ रोजी त्यांचे निधन झाले.

हैदराबादचे सालारजंग, त्रावणकोर-बडोद्याचे माधवराव आणि ग्वाल्हेरचे दिनकरराव ही एकोणिसाव्या शतकातील थोर दिवाणांची त्रयी मानली जाते. सालारजंग उमराव घराण्यातले होते, माधवराव मद्रासला इंग्रजी शिक्षण घेतलेले होते. तिघांत दिनकरराव एकटेच असे, की ज्यांच्यामागे ना खानदानी सत्ता होती, ना नवे शिक्षण. त्यांची सारी शिदोरी म्हणजे तंवरघारच्या महसुलाचा अनुभव आणि कागद वाचण्याची सवय.

हीच सवय त्यांच्या दोन निवडींना जोडते. १८५८ मध्ये त्यांनी बळाबळाचा हिशेब मांडला आणि तो त्यांना सत्तेच्या बाजूला घेऊन गेला. १८७५ मध्ये त्यांनी पुराव्याचा हिशेब मांडला आणि तो त्यांना सत्तेच्या विरुद्ध घेऊन गेला. पद्धत एकच होती. उत्तरे निराळी आली. म्हणूनच त्यांना केवळ इंग्रजधार्जिणे म्हणून निकालात काढता येत नाही आणि राष्ट्रपुरुषांच्या ओळीतही बसवता येत नाही. ते कारभारी होते. कारभाऱ्याचे सामर्थ्य आणि कारभाऱ्याची उणीव ही दोन्ही त्यांच्यात पुरेपूर होती.

दिल्लीच्या मंत्रालयांतून काम करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांना या चरित्रात ओळखीचे काही दिसेल. फायलीवर काय लिहावे, असा पेच पडतो तेव्हा वर कोणते मत अपेक्षित आहे हे बहुधा आधीच कळलेले असते. अशा वेळी स्वतंत्र टिपण लिहिणारा अधिकारी निर्णय बदलू शकेलच असे नाही. बडोद्याची पदच्युतीही टळली नव्हती. परंतु निर्णयाला कोणते कारण जोडायचे, हे त्या टिपणामुळे बदलते. सत्तेला खोट्या कारणाचा आधार मिळत नाही आणि तिला आपले खरे कारण उघडपणे सांगावे लागते. दिनकररावांच्या काळी असे टिपण लिहिणाऱ्याला कायद्याचे कोणतेही कवच नव्हते. आज ते आहे. त्या कवचाचा उपयोग कितीजण करतात, याचा हिशेब प्रत्येक पिढीने आपापल्या कीर्दीत मांडायचा आहे.